पुलावरची पाणपोईवाली

शेवटची भेटवस्तू तुम्ही कोणासाठी घेतली होती? त्या माणसासाठी, की दुकानातून एकदाचं सुटण्यासाठी?

माझं उत्तर मी देऊन टाकते: दुकानातून सुटण्यासाठी. आपल्यातले बहुतेक तसेच. एक बाई मात्र मला तशा दिसल्या नाहीत, आणि त्यांच्याबद्दल सांगायचं तर सुरुवात त्यांच्या डाव्या कानापासून करावी लागते.

बडोद्यात, मांजलपूरला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या राहायच्या. सगळा जिना त्यांना काकू म्हणायचा. त्यांना काही सांगायला गेलं की त्या आधी हातातलं काम खाली ठेवायच्या, मग डाव्या कानावर दोन बोटं टेकवायच्या आणि म्हणायच्या, "बोला, ऐकतेय." सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर केली होती. पुढे यंत्रं आली, बोर्ड निघाले आणि काकू स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आल्या. कानावरचा हेडफोन गेला, बोटं मात्र तिथेच जात राहिली.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि जगातल्या प्रत्येक अन्यायावर माझ्याकडे एक पत्रक तयार असायचं. बाबांचा कारखाना बंद पडल्यावर ते पूर्णवेळ युनियनचं काम करत होते. आमच्या घरी सोफा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते, आणि पाहुणे त्यावरच बसत. काकूंच्या निवृत्तीवरही मी एक जळजळीत पत्रक लिहिलं: यंत्र आलं, माणूस फेकला गेला. ते त्यांना वाचून दाखवलं. कानावर बोटं ठेवून त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं.

"छान आहे गं, पुढारी," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू? त्या खुर्चीत पाठ फार दुखायची. तेही लिही ने."

मी ते लिहिलं. पत्रक सुधारलं.

आता तुम्हाला आमच्या सोसायटीतल्या लेमन सेटबद्दल सांगायला हवं. एक जग, सहा ग्लास, त्यांवर नारिंगी फुलं. कोणाच्या तरी वास्तुशांतीला तो आहेर म्हणून आला. त्यांनी तो न उघडता दुसऱ्याच्या मुंजीत दिला. मुंजीवाल्यांनी साखरपुड्यात, साखरपुड्यावाल्यांनी डोहाळजेवणात. खोक्याचा एक कोपरा फाटला, त्यावर चकचकीत कागद चढत राहिले, पण आतला काचेचा ग्लास कोणाच्या ओठाला लागला नाही. शेवटी तो काकूंच्या मुलाच्या लग्नात काकूंकडे आला, आणि कागद सोडताच त्या इतक्या हसल्या की स्टेजवरचे गुरुजी थांबले. वास्तुशांतीला तो दिला होता काकूंनीच.

"मीच दुकानातून घाईत उचलला होता," त्या म्हणायच्या. "फिरून फिरून माझ्याच पदरात पडला. बरोबर झालं." तेव्हापासून त्यांनी नियम केला. ज्याला काही द्यायचं त्याच्यापाशी आधी जाऊन बसायचं. बसल्याशिवाय खरेदी नाही. लेमन सेट कपाटावर ठेवला, जन्मठेपेच्या कैद्यासारखा.

माझी धाकटी बहीण जुई पंधरा वर्षांची होणार होती. आठवीत तिची मराठी शाळा सुटली, कारण वर्गात मुलंच उरली नव्हती. नव्या इंग्रजी शाळेत तिने तोंड मिटलं ते मिटलंच. बाईंनी आईला बोलावून विचारलं, "ही घरी तरी बोलते का?" आई घरी येऊन ओट्यापाशी नुसती उभी राहिली. कारण घरीही ती "हो", "नको" आणि "जेवले" यांच्यापुढे जात नव्हती.

ती बोलायची फक्त रविवारी दुपारी. आमच्या हॉलमध्ये चौघं जमायची: जुई, तिच्या वर्गातला हार्दिक, हार्दिकची बहीण आणि समीर. खेळायला ना पट, ना सोंगट्या. एकाने गोष्ट चालवायची: तुम्ही जंगलात आहात, समोर पूल आहे, पुलावर राक्षस आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. गोष्ट चालवणारी जुई. आठवडाभर मुकी असलेली ही मुलगी रविवारी गुजरातीत सरायवाला व्हायची, हिंदीत शिपाई व्हायची, मराठीत चेटकीण व्हायची. आई स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज न करता ऐकत बसायची.

मला तो खेळ आवडत नव्हता. राक्षस मारा, सोनं लुटा! साम्राज्यवादाची शिकवणी घरात कशाला? तिला वाढदिवसाला मी मजुरांच्या लढ्याचा इतिहास देणार होते, दोन खंड. काकूंना तसं सांगितलं.

"तिने मागितलाय?"

"नाही. पण तिला गरज आहे."

"हं," काकू म्हणाल्या. "माझ्या लेमन सेटचीही लोकांना गरज होती."

खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो हे त्यांना हार्दिककडून कळलं होतं. नियमांचं पुस्तक त्याच्या मामांनी अमेरिकेतून आणलेलं, मुलांनी त्याची झेरॉक्स काढलेली. फासा मात्र झेरॉक्स होत नाही. म्हणून जुईने हाउजीच्या डब्यातले एक ते वीस आकडे एका मोज्यात भरले होते. फासा टाकायचा म्हणजे मोज्यात हात घालायचा. हे ऐकून काकूंनी एकच विचारलं, "मोजा धुतलाय ना?"

आम्ही दोघी फासा शोधायला निघालो. आधी नव्या मॉलमध्ये. तिथल्या मुलीने वय विचारलं, मुलगा की मुलगी विचारलं आणि गुलाबी अस्वल पुढे केलं. काकू अस्वलाकडे पाहत म्हणाल्या, "ह्याला काही सांगता येतं का?" मुलगी म्हणाली, "पोट दाबलं की आय लव्ह यू बोलतं." "म्हणजे ऐकत नाही," काकू म्हणाल्या आणि वळल्या. मी तिथल्या तिथे बाजारपेठेच्या विरोधात भाषण सुरू केलं होतं. त्यांनी मला दंडाला धरून रिक्षात बसवलं.

रावपुऱ्यात खेळण्यांच्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदार काकूंचा ओळखीचा निघाला. त्याने लाकडी फासे काढले, प्लास्टिकचे काढले, एक हस्तिदंती रंगाचाही काढला. सगळे सहा बाजूंचे.

"वीस बाजूचा पाहिजे, भाई."

"वीस?" त्याने चष्मा कपाळावर चढवला. "बेन, ए तो पछी लखोटी थई गई!"

आणि खरंच, वीस बाजूंचा फासा म्हणजे गोटी नाही तर काय? काकू इतक्या हसल्या की त्याने आम्हाला चहा मागवला. फासा मिळाला नाही तो नाहीच.

आणि त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. समीरला त्याच्या आईवडिलांनी इंजिनिअरिंगच्या क्लाससाठी कोट्याला पाठवलं. आणि बाबांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून युनियनचं अभ्यासमंडळ दर रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये भरेल. कार्यालयाची जागा गेली होती, त्यांचाही इलाज नव्हता.

"कामगारांनी बसायचं कुठे? राक्षस काय, कुठेही उभा राहील," बाबा म्हणाले.

जुई म्हणाली, "हो." तेवढंच. मग उठून तिने मोजा आणला, हाउजीचे आकडे डब्यात परत ओतले आणि झाकण लावलं. आईने माझ्याकडे पाहिलं. त्या झाकणाखाली काय बंद होतंय हे आम्हा दोघींना कळत होतं. काकूंना कळायला हवं होतं, म्हणून मी समोर जाऊन सगळं सांगितलं. त्यांची बोटं कानावरच होती.

"या रविवारी शेवटचं खेळतील ना? मी येऊन बसते," त्या म्हणाल्या.

त्या आल्या, भिंतीशी खुर्ची घेऊन बसल्या. तीनच मुलं, उतरलेली तोंडं. खेळ रेंगाळला. मधेच हार्दिक म्हणाला, "एक माणस ओछो पडे छे, यार." एक माणूस कमी पडतोय. काकूंनी आमचा हॉल पाहिला, पत्रकांचे गठ्ठे पाहिले, मोजा पाहिला आणि निघून गेल्या.

वाढदिवसाला आम्ही केक कापला आणि काकू आत आल्या. त्यांच्या हातात चकचकीत कागदात गुंडाळलेलं खोकं. फाटका कोपरा कागदातूनही ओळखू येत होता. आईने डोळे मिटले. मी मनात म्हटलं, काकू, तुम्हीसुद्धा? जुईने शहाण्या मुलीसारखं "थँक्यू" म्हटलं आणि खोकं बाजूला ठेवू लागली.

"उघड ने," काकू म्हणाल्या.

खोकं हलकं होतं. आत वर्तमानपत्राच्या बोळ्यात एकच वस्तू होती: काकूंच्या फ्लॅटची किल्ली.

"दर रविवारी माझं जेवायचं टेबल तुमचं. मी असेन, नसेन, किल्ली तुझ्याकडे. आणि एक माणूस कमी पडतोय ना? मी आहे. फासा मात्र मिळाला नाही हं, मोज्यावरच भागवा."

आम्ही सगळे समोर गेलो. टेबलावर तो जग आणि नारिंगी फुलांचे सहा ग्लास मांडलेले होते, कोकम सरबताने भरलेले. इतक्या वर्षांनी कैदी सुटला होता. जुईने एका दमात ग्लास संपवला आणि विचारलं, "काकू, तुम्ही कोण होणार? योद्धा? जादूगार?"

"पाणपोईवाली."

"पाणपोईवाली लढणार कशी?"

"का? लढणाऱ्यांना तहान लागत नाही?"

हार्दिकने तक्रार केली की नियमांत पाणपोईवाली नाही. काकू म्हणाल्या, "आमचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार दसऱ्याला बाहेर यायची, एक कोहळा कापायची आणि झेंडूचं फूल घेऊन परत आत. पाणी मात्र घोड्यांना रोज लागायचं. लिही."

त्याने लिहिलं.

पहिल्याच रविवारी तो पूल आला आणि पुलावरचा राक्षस आला. हार्दिकने तलवार उपसली, बहिणीने मंत्र सुरू केला. मी बाबांच्या अभ्यासमंडळाची पत्रकं घेऊन जिन्यात उभी होते. दोन्ही दारं उघडी होती. काकूंनी डाव्या कानावर बोटं ठेवली आणि राक्षसाला म्हणाल्या, "बोला, ऐकतेय."

जुई गडबडली. राक्षसाला कोणी बोलायला सांगेल अशी तयारीच नव्हती.

"किती वर्षं उभे आहात इथे?" काकू पुढे म्हणाल्या. "ड्युटी बदलते का? पाठ दुखत असेल."

जुईने हातातला मोजा खाली ठेवला. मला वाटलं, संपलं, ही परत मिटली. मग तिच्या तोंडून एक जाड, थकलेला आवाज आला: "कोई पूछतुं ज नथी, बेन."

कोणी विचारतच नाही. माझ्या हातातली पत्रकं हातातच राहिली. त्या दुपारी राक्षसाने अर्धा तास आपलं गाऱ्हाणं सांगितलं. कोणी नेमलं, सुट्टी कशी नाही, लोक येता-जाता दगड कसे मारतात. न राहवून मी आत गेले आणि म्हणाले, "ह्याचं मागणीपत्रक मी लिहिते." हार्दिकने कपाळाला हात लावला. जुई खळखळून हसली. मग मीही त्या टेबलाला बसले. मजुरांच्या लढ्याचे दोन खंड मी तिला दिले ते दिलेच, पण ते टेबलाचा आखूड पाय उचलायला जास्त उपयोगी पडले.

पुढची काही वर्षं आमच्या मजल्यावर रविवार असेच गेले. इकडे क्रांती, तिकडे राक्षस, मध्ये जिना. अभ्यासमंडळातले काका विश्रांतीत समोर सरबत प्यायला जायचे आणि तलवारीबद्दल सल्ले देऊन यायचे. जुई पुढे कोण झाली ते सांगून मी ही हकीकत गोड करणार नाही. एवढंच सांगते: एकदा भर पावसात रिक्षावाला मांजलपूरला यायला नाही म्हणाला, तेव्हा तिने त्याच जाड आवाजात, अस्सल गुजरातीत त्याला असं काही सुनावलं की तो मुकाट्याने आला. मी मागे बसून ऐकत होते. मला काकूंचे पाय धरावेसे वाटले. धरले असते तर म्हणाल्या असत्या, "पुढारी, ऊठ, सरबत सांडेल."

काकू गेल्या. झोपेत गेल्या, कोणाला त्रास न देता. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, गोत्रीहून, त्यांचा मुलगा फ्लॅट रिकामा करायला आला. जुईने किल्ली त्याच्या हातात दिली. त्याने ती पाहिली, खिशात घातली आणि म्हणाला, "टेबल तुम्ही न्या." ते आता आमच्या हॉलमध्ये आहे. बाबांचं अभ्यासमंडळ त्याच्याभोवती बसतं, आणि संध्याकाळी पाचला टेबल सोडतं. हा नियम बाबांनी स्वतः केला.

पुढच्या रविवारी सगळे जमले. एक खुर्ची रिकामी. हार्दिकने घसा साफ करून विचारलं, "काकूंच्या पात्राचं काय?" नियमांत पात्र मरतं, नाहीतर निघून जातं. जुईने मोजा हातात घेतला, पण आत हात घातला नाही.

"त्या पुलावर थांबल्यात," ती म्हणाली. "राक्षसाला सुट्टी दिलीय त्यांनी."

तेव्हापासून ती कुठेही, कोणाबरोबरही हा खेळ मांडो, कोणत्याही जंगलात कुठेतरी एक पूल लागतोच. पुलावर पाणपोई असते. नवी मुलं शस्त्रं उपसून पुढे होतात, आणि एक बाई डाव्या कानावर बोटं ठेवून त्यांना पाण्याचं भांडं देते.

बाबांनी मला शिकवलंय, पत्रक प्रश्नाने उघडावं आणि लोकांना काहीतरी करायला सांगून मिटावं. तर हे माझं पत्रक, आणि ही एकच मागणी. तुमच्या घरात, जिन्यात, ओळखीत कोणी पंधरा वर्षांचं मूल तुम्हाला न कळणारा खेळ खेळत असेल, तर त्याच्या वाढदिवसाआधी, दुकानाची पायरी चढण्याआधी, त्याच्या टेबलापाशी एक खुर्ची ओढून बसा. हातातलं खाली ठेवा. आणि म्हणा: बोल, ऐकतेय.