निवडीबाहेरचे फोटो

सिंदेवाहीच्या दामिनीला चंद्रपूर माहीत नव्हतं. जिल्ह्याचं शहर, पण ती तिथं उभ्या आयुष्यात तीनदाच गेलेली. दोनदा वडिलांना दवाखान्यात घेऊन आणि एकदा एका दाखल्यासाठी. तिन्ही वेळा तिनं डोळे भरून पाहिली ती रांगेतल्या पुढच्या माणसाची पाठ. त्यामुळे तिच्या फोटो स्टुडिओचं गिऱ्हाईक असलेल्या हर्षाच्या होणाऱ्या नवऱ्यानं, प्रफुलनं, लग्नाआधीचे फोटो चंद्रपुरातच काढायचे असं फर्मान सोडलं, तेव्हा दामिनीनं आधी एक दिवस मागून घेतला.

"नुसतं पाहून येते," ती फोनवर म्हणाली. "उजेड कुठून येते हे तरी माहीत पायजे."

"मॅडम, उजेड वरतून येते," प्रफुल म्हणाला आणि स्वतःच हसला.

उजेडाचं हे वेड दामिनीला भातानं लावलं होतं. ती ढिवराची, म्हणजे मासेमाराची पोर. तिचा बाप, लटारू, गावच्या तलावात जाळं टाकायचा आणि ती बारावीनंतर भात संशोधन केंद्रात रोजीनं जायची. तिथल्या एका साहेबांना रोग पडलेल्या लोंब्यांचे फोटो लागत. लोंबीमागं काळं कापड धरून उभं राहायचं, एवढंच दामिनीचं काम. दोन हंगाम तिनं कापड धरलं. तिसऱ्या हंगामात साहेबांनी कॅमेराच तिच्या हाती दिला, कारण त्यांच्यापेक्षा तिचा हात स्थिर होता. करप्याचा डाग आहे तेवढाच दिसला पाहिजे, लहान नको आणि मोठाही नको, असं ते बजावून सांगत.

पुढं तिनं बसस्टँडजवळ स्टुडिओ टाकला आणि पहिल्याच महिन्यात गिऱ्हाइकांनी तिला उलटं शिकवलं. पोरगी गोरी करून द्या. गालावरचा वण काढा. सासूचा चेहरा जरा हसरा करा. पंधरा वर्षं ती हेच करत आली होती. कधीकधी एखाद्या सावळ्या पोरीच्या तोंडावरून माऊस फिरवताना तिला त्या धंद्याची शिसारी यायची, आपण चुना लावतो आहोत असं वाटायचं. पण नवरा भात गिरणीवर हमाली करत होता, घर दोघांवर चालत होतं, आणि दुसऱ्या दिवशी शटर वर करावंच लागायचं.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं ती चांदा फोर्ट स्टेशनावर उतरली. ऑटो करून आधी जटपुरा गेटला गेली. तिथं गाड्यांची अशी दाटी की नवरा-नवरी उभी केली तर हॉर्नच्या आवाजानंच फोटो हलावा. मग ती परकोटाच्या, म्हणजे शहराभोवतालच्या जुन्या तटाच्या कडेकडेनं चालत निघाली. नाकाला पदर लावूनच चालावं लागलं. दगड न् दगड खर्ऱ्याच्या, तंबाखू-सुपारीच्या पिचकाऱ्यांनी तपकिरी झालेला. खाली प्लास्टिकच्या पन्न्या, फुटक्या बाटल्या, मुताचे वाळलेले ओघळ. राजांनी बांधलेल्या भिंतीवर लोकांनी जमेल त्या वाटेनं स्वतःला रिकामं केलं होतं. इथं येऊन हातात हात घालून कोण हसणार, असं तिच्या मनात आलं.

तरी ती हटली नाही. बगड खिडकी नावाच्या छोट्या दरवाजापाशी तटाचा एक तुकडा तिला बरा सापडला, आणि तिथून जवळच तलावाला चार पायऱ्या होत्या. पाण्याला जलपर्णीनं गिळलं होतं, वास येत होता, पण सकाळी पूर्वेचं ऊन त्या पायऱ्यांवर तिरपं पडेल हे तिला दिसलं. पायरीवर एक म्हातारी बाई जाळ्याची भोकं सांधत बसली होती. दामिनी तिच्या शेजारी टेकली आणि न सांगता जाळ्याचं दुसरं टोक धरलं.

"तुले येते का व?" म्हातारीनं विचारलं.

"बापानं शिकवलं."

तेवढ्यावर ओळख झाली. म्हातारीचं नाव गिरजाबाई. उद्या इथं फोटो काढायचे आहेत म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग मी झाडून ठेवतो. घाणीत नवरी कायले उभी करतं?" कपडे बदलायला पलीकडचं आपलं घर वापर, असंही तिनंच सांगितलं.

दुपारी दामिनी बिनबा गेटपर्यंत जाऊन आली. परतताना बसमध्ये तिनं वहीत सगळं नीट मांडलं. साडेसात ते साडेनऊ तलाव आणि परकोट. त्यानंतर ऊन पांढरं पडतं, तेव्हा कॅमेरा बंद. साडेचारला बिनबा गेट, बाहेरच्या अंगानं. अनोळखी शहराचा एक दिवस असा मुठीत आल्यासारखा वाटला तेव्हा तिला बरं वाटलं.

बुधवारी पहाटेच्या बसनं ती आणि हर्षा निघाल्या. हर्षा सिंदेवाहीजवळच्या खेड्यातली, दादाजी नावाच्या धान पिकवणाऱ्या माणसाची मुलगी. ब्रम्हपुरीला रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरी करायची. बोलकी पोर, पण त्या दिवशी सारखी मोबाइलकडे पाहत होती. "ते वेळेवर येतीन ना ताई?" एवढंच तिनं दोनदा विचारलं.

प्रफुल साडेदहाला आला. तोवर पायऱ्यांवरचं कोवळं ऊन सरलं होतं, हर्षाचा भाड्यानं आणलेला गुलाबी झगा घामानं भिजला होता. एका गालात खर्रा दाबून तो गाडीतून उतरला. दामिनीच्या हातातली वही पाहून म्हणाला, "हे काय टाइमटेबल? शाळा हाय का इथी?" आणि गिरजाबाईनं पहाटे झाडून, पाणी मारून ठेवलेल्या पायरीवर पचकन थुंकला.

ती थुंकी दगडावरून हळूहळू खालच्या पायरीवर ओघळली. गिरजाबाईनं तिथं तांब्याभर पाणी ओतलं.

"ए बुढी," प्रफुल तिच्या टोपलीकडे बोट करून म्हणाला, "उचल हे. वास येऊन राह्यला."

"उचलतो जी. जाळं तं गुंडाळू द्या."

त्यानं वाट पाहिली नाही. पायानंच टोपली उडवली. सकाळची बारीक मासोळी पायऱ्यांवर विखुरली, काही परत त्या काळ्या पाण्यात पडली. हर्षा झगा सावरत पटकन खाली वाकली आणि मासोळ्या गोळा करायला लागली. प्रफुलनं तिचा दंड धरला आणि हिसडून उभं केलं.

"नाटक नको करू. हात घाण होते ना." मग तेच तोंड कॅमेऱ्याकडे वळवून तो हसला. खर्ऱ्यानं रंगलेले दात, आणि दंडावरची पकड तशीच. "काढा मॅडम. काऊन थांबल्या?"

दामिनी थांबली नव्हती. हालचाल दिसली की बोट बटणावर दाबून धरायची तिची जुनी सवय, आणि कॅमेरा लाथेपासून हसण्यापर्यंत सगळं टिपत गेला होता. तिनं तो गळ्यात सोडला आणि मासोळ्या वेचायला बसली. गिरजाबाई तिच्या कानाशी पुटपुटली, "पोरगी तुमची होय का?"

"नाई."

"मंग कोणाची तरी तं हाय ना."

यावर दामिनीनं काय केलं? काही नाही. उठली, हात धुतले आणि दिवसभर फोटो काढले. जवळ या. खांद्यावर डोकं ठेवा. हसा. प्रत्येक वेळी हर्षा हसली आणि प्रत्येक वेळी दामिनीला स्वतःच्या आवाजाची किळस आली. बिनबा गेटला हर्षा साडी नेसून आली तेव्हा तिच्या दंडावर चार बोटं उमटलेली होती. ऊन अगदी हवं तसं, सोनेरी पडलं होतं. त्यात ती बोटं अधिकच स्पष्ट दिसत होती.

परतीच्या बसमध्ये हर्षानं विचारलं, "ताई, चांगले आले ना फोटो?"

"आले," दामिनी म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

दामिनीनं पाठवलेले निवडक फोटो पाहून तिसऱ्या दिवशी प्रफुलचा फोन आला. अमुक फोटो मोठा करा, तलाव निळा करा, पाण्यातली घाण काढा. दामिनी लिहून घेत होती. शेवटी तो म्हणाला, "आणि गेटच्या फोटोत तिच्या हाताले डाग दिसून राह्यला. तो साफ करून टाका. पाव्हण्याले पाठवाचा हाय."

"डाग कायचा हाय?" दामिनीनं विचारलं.

"मले काय माहीत? तुमचं काम हाय ना साफ कराचं?"

दामिनीनं फोन ठेवला. निवड झाली की बाकीचे फोटो पुसून टाकायचे, हा तिचा रिवाज. मिटलेले डोळे, वाकडी तोंडं, मांडवातली भांडणं, बोहल्यामागं पुसलेली आसवं, असं किती काय तिनं पंधरा वर्षांत पुसलं होतं. त्यातल्या किती पोरींचं पुढं काय झालं हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिनं हर्षाला फोन लावला.

"फोटो निवडाले ये. एकटीच ये."

हर्षा आली. दामिनीनं तिला काहीही सुचवलं नाही. कॅमेऱ्यातून निघाले त्याच क्रमानं, एकही न गाळता, सगळे फोटो तिच्यासमोर लावले आणि आपण चहा आणायला गेली. परत आली तेव्हा हर्षा एकाच फोटोवर थांबली होती. त्यात ती अर्धी वाकलेली, अर्धी ओढलेली होती. एका हातात मासोळी, तोंड वेडंवाकडं झालेलं. आणि वर प्रफुल मजेत हसत होता.

"मले वाटे मीच जास्त मनावर घेऊन राह्यली," ती म्हणाली. "याच्या आधीबी दोनदा झालं, ताई. नंतर तो इतका गोड बोलते की मले वाटते, झालंच नसंन."

दामिनीनं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला.

"हे सगळे मले द्या. बाबाले दाखवतो."

दुसऱ्या दिवशी दादाजी स्वतः स्टुडिओत आले. कमी बोलणारा माणूस. कागदावर छापलेले फोटो त्यांनी पाहिले होते, तरी त्यांना ते मोठ्या पडद्यावर पाहायचे होते. चष्मा पुसून त्यांनी दंडाचा फोटो बराच वेळ पाहिला. "ही पोरगी लहानपणी पडली तरी मी तिले असं ओढून उचललं नाई," एवढं बोलून ते उठले. आठवड्याभरात सोयरीक मोडली.

दामिनीच्या वाट्याला शिव्या आल्या. प्रफुलनं फोनवर तिच्या जातीवरून, मासोळीवरून जे काही ऐकवलं ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. दामिनीकडे फोटो काढले की लग्न मोडते, अशी कुजबुज बाजारात फिरली. दोन लग्नांची कामं हातची गेली. तिनं भिंतीवर पाटी लावली: काढलेले सगळे फोटो दोघांनाही मिळतील. काहीजण पाटी वाचून पायरी उतरले, काही थांबले.

एप्रिलमध्ये तिच्या मोबाइलवर एक नवा व्हिडिओ आला. तोच प्रफुल. दुसरीच मुलगी. पुण्यासारखी चकचकीत बाग, मागं गाणं. खाली नाव होतं दिव्यानी, गाव मूल. दामिनीनं हर्षाला विचारलं, "तुझे फोटो तिले दाखवू का? तोंड झाकून देते."

"दाखवा," हर्षा म्हणाली. "तोंड नका झाकू."

गुरुवारी स्टुडिओ बंद ठेवून दामिनी मूलला गेली. विचारत विचारत घर गाठलं. दिव्यानीच्या वडिलांनी पहिला फोटो पाहिला आणि पाकीट तसंच परत केलं. "पत्रिका वाटून झाल्या, बाई," ते म्हणाले. "मोडलेल्या सोयरिकीचा राग आमच्या घरी नका आणू. नवराबायकोत थोडंबहुत चालतेच." घरात कढईत काहीतरी तळत होतं, दारी मांडवाचे बांबू येऊन पडले होते. त्या 'थोडंबहुत' शब्दानं दामिनीच्या अंगावर काटा आला. पायरीवरची ती थुंकीसुद्धा तिला इतकी घाण वाटली नव्हती.

पाणी घेऊन आली ती दिव्यानीच. तिनं गडवा देताना दामिनीच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. दामिनीनं त्यावर आपला नंबर लिहिला आणि वडिलांच्या डोळ्यांदेखत ते तिच्या हातात दिलं.

"आज पाहा, नाईतर मंग कधीतरी पाहा," ती म्हणाली. "फोन कधीबी करा."

लग्न मे महिन्यात झालं. दिव्यानीचा फोन अजून आलेला नाही. पण पाकीटही परत आलेलं नाही.