पाय बघणारा माणूस

भुईगावच्या मैदानात माझी मुलगी पहिल्यांदाच माइकवर गात होती, आणि मी धास्तीने शेवटच्या रांगेत जाऊन बसलो होतो. शेजारच्या खुर्चीत कडक इस्त्रीचा सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. गाणं सुरू झालं तरी त्यांची नजर जमिनीकडेच.

दुसऱ्या कडव्याला मुलगी शब्द विसरली. क्षणभर थांबली आणि पहिलंच कडवं पुन्हा गाऊ लागली. मी एकटक स्टेजकडे बघत राहिलो.

"स्टेजकडे नका बघू, लोकांच्या पायांकडे बघा," ते म्हणाले. "मी तीस वर्षं रेकॉर्डिंग कंपनी चालवली. नव्या गायकाची टेप लावली की हाताखालचे साहेब माना डोलवायचे, कारण समोर मी असायचो. मी मात्र चहा घेऊन आलेल्या मामांचे पाय बघायचो. पाय कुणाची भीड ठेवत नाहीत."

पुढच्या रांगेत, वाडीतून थेट आलेल्या एका बाईंचा चिखलाने माखलेला अंगठा ताल धरत होता. त्यांच्या पलीकडे आणखी दोन-तीन पाय हलत होते. माझा जीव भांड्यात पडला.

मुलगी रडवेली होऊनच खाली आली. "बाबा, विसरले ना मी?"

"कुठे?" मी म्हटलं. "मी तर लोकांचे पाय बघत होतो."