पाकातल्या साली

माझ्या नणंदेच्या पातेल्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. आमची बेकरी. पुढे दुकान, मागे भट्टी, आणि भट्टीलगतच्या खोलीत वन्संचं राज्य. संत्र्याच्या साली उकडून कडूपणा काढायचा, मग त्या पातळ पाकात बुडवायच्या. रोज तोच पाक गाळून थोडा आटवायचा आणि परत सालींवर ओतायचा. घाईने घट्ट केला की सालींचं चामडं झालंच म्हणून समजा. किती आटवायचा, हे वन्सं चिमटीत तार धरून ठरवत. मी जरा डोकावले की, "लुडबुड नको गं!"

यंदा लागोपाठ दोन खेपा चामट निघाल्या. गिऱ्हाईकं केकमधले तुकडे वेचून बशीच्या कडेला ठेवायला लागली. माझा नवरा वैतागला.

"ताई, ही शेवटची खेप. बिघडली तर तयार टुटीफ्रुटी आणू. तू आता आराम कर."

आराम! भट्टीपाशी उभा जन्म काढलेल्या बाईला आराम! वन्सं नुसतं "बरं" म्हणाल्या. ही बाई कधी कोणाला 'बरं' म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ट्रे पुसत तिथेच रेंगाळले. त्यांनी तार पाहिली, परत पाहिली. दुसरा हात पातेल्याच्या तापलेल्या काठावर, आणि बाई ढिम्म!

"अहो वन्सं, बोटं भाजताहेत!"

"कुठं?"

बोटं लालबुंद झाली होती. हात ओढून नळाखाली धरला आणि चांगलीच ओरडले. मधुमेहाने बोटं बधिर झाली होती म्हणे. डॉक्टरांनी मागेच सांगितलेलं. इतके दिवस पाक नुसत्या अंदाजावर चालला होता.

"त्याला सांगशील तर बघ," म्हणाल्या, आणि मलाच पातेल्यापाशी ढकललं. "धर चिमटीत. तार येते?"

"येते, पण लगेच तुटते."

"मग उतरव की! बघत काय बसलीस?"

पुढे रोज असंच. साली मऊसूत झाल्या. नवऱ्याने केकचा तुकडा तोंडात टाकला आणि खूश झाला.

"ताई, हात परत आला की तुझा!"

मी घाईघाईने मान डोलावली. पण वन्संनाच राहवलं नाही.

"माझा नाही रे, हिचा. माझ्या बोटांना आता काही कळत नाही."

तो त्यांचा हात हातात घेऊन एकेक बोट दाबायला लागला.

"हे कळतंय?"

"नाही."

"हे?"

"नाही रे."

अंगठ्यापाशी आला तेव्हा त्या म्हणाल्या, "याला थोडं कळतं."

तो अंगठा तसाच धरून त्याने विचारलं, "उद्या संत्री किती आणू?"