लेक कडेवर घेईपर्यंत

"अम्मा, आज से बच्ची को उठाना नै," हाडांचे डॉक्टर फिल्म दिव्याच्या पेटीवर लावता लावता म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी विचारलं, "और दूध?"

"दूध पिलाओ. लेट के पिलाओ. उठाना नै, झुकना नै. पाँच किलो का थैला भी नै."

माझी मनू तेव्हा पाच किलोंच्या वरच होती. म्हणजे माझी पोर आता मला उचलायला बंदी असलेल्या सामानात जमा झाली. बाहेर बाकावर सासूबाई तिला घेऊन बसल्या होत्या आणि तिचं रडणं आतपर्यंत ऐकू येत होतं. माझा ब्लाउज ओला झाला. त्या क्षणी मला डॉक्टरांचा भयंकर राग आला, जसं काही त्यांनीच माझा मणका सरकवला होता.

दुखण्याचं नाव होतं प्रोलॅप्स्ड डिस्क. आपण सगळे स्लिप डिस्क म्हणतो. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते, ती मागे सरकते आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब देते. मग कमरेपासून अंगठ्यापर्यंत विजेचा झटका बसल्यासारखी कळ जाते, तिला सायाटिका म्हणतात. मला पहिली कळ आली ती मनूला अंघोळ घालून पाटावरून उठताना. बाळंतपणानंतर कंबर सगळ्यांचीच दुखते, असं म्हणून महिनाभर अंगावर काढलं. तुम्ही काढू नका. कळ गुडघ्याच्या खाली उतरली की डॉक्टरकडे जा. पाय लुळा पडला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी जा.

एमआरआयची मशीन तेव्हा शहरात नवीनच आली होती. तिच्या बोगद्यात निपचित पडून राहायचं असतं. बाहेर पोर भुकेली आणि आत मी हलायचं नाही म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होते. ती फिल्म पाहून डॉक्टर म्हणाले होते की चूक एकट्या मणक्याची नाही, त्याच्यावरच्या बोज्याचीही आहे. गरोदरपणात चढलेलं वजन उतरलं नव्हतंच, उलट बाळंतपणानंतरही चढत होतं.

"तीन-चार महीने देखेंगे. वजन उतरा, पाँव का दर्द गया, तो ठीक. नै तो टेबल पे आना पड़ेगा."

टेबल म्हणजे ऑपरेशन. मला ऑपरेशनची भीती होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यानंतर आणखी कितीतरी महिने मनूला उचलता येणार नव्हतं. एवढंच माझ्या डोक्यात बसलं. वजन उतरवायचं आणि लेक कडेवर घ्यायची.

आता घरचं सांगते. आम्ही मलकपेठेत एका जुन्या घराच्या पुढच्या पोर्शनमध्ये राहत होतो. मी आबिड्सला टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसायचं, कंबर तिथेच अर्धी गेलेली. माझी आई मी शाळेत असतानाच वारली, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं. सासूबाईंना आमच्याकडे आत्याबाई म्हणायची पद्धत. आत्याबाईंनी माझ्या बाळंतपणासाठी डिंक, खारीक, खोबरं आणि गूळ गौलीगुड्याच्या बाजारातून स्वतः निवडून आणला होता. तुपाचा तर हिशोबच नव्हता. सकाळी लाडू, दुपारी तुपात बुडवलेली भाकरी, संध्याकाळी हळिवाची खीर, निजताना पुन्हा लाडू.

"डॉक्टरला काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "दूध आटलं तर लेकराला काय पाजतीस, नळाचं पाणी?"

माझे यजमान कोर्टात नोकरीला. दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायची सवय त्यांना तिथेच लागली होती, निकाल मात्र त्यांनी कधी दिला नाही.

आणि खरं सांगायचं तर लाडू नको म्हणणं मलाही जड जायचं. अंगावर पाजणाऱ्या बाईची भूक निराळी असते. ज्यांनी पाजलं आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. पोर ओढायला लागली की घसा कोरडा पडतो आणि पोटात खड्डा पडतो. जेवून हात धुतले तरी हात डब्याकडे जातो. मला वाटायचं, मी हावरट झाले. एकदा मनूला पाजता पाजता तिच्या डोक्यावर लाडवाचा चुरा सांडला आणि तो मी वेचून खाल्ला.

ऑफिसातली एक मैत्रीण भेटायला आली तेव्हा तिने एक रंगीत पत्रक आणलं. त्या वर्षांत टीव्हीवर चॅनेलं वाढली तशी बारीक बायकाही वाढल्या होत्या आणि आबिड्सला वजन उतरवून देणारी दुकानं निघाली होती. पत्रकात लिहिलं होतं: कोबीचं सूप, काकडी, कोरा चहा. मी ठरवलं, हेच करायचं.

पण आत्याबाई लाडू हातात देऊन समोर उभ्या राहायच्या. मग मी म्हणायची, "खाते हळूहळू," आणि लाडू पदराखाली घेऊन मागच्या अंगणात जायची. अंगणाच्या पलीकडच्या पोर्शनमध्ये रेहाना राहायची. तिचा मुलगा मनूहून थोडासा मोठा, तीही पाजणारी. लाडू तिच्या हातात गेला की माझं काम झालं.

वजन भराभर उतरलं. मी खूश होते. मग उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. पायाची कळ थोडी कमी झाली, पण दूधही कमी झालं. मनू ओढायची, सोडून द्यायची, तोंड लाल करून किंचाळायची. डोस पाजायला दवाखान्यात नेलं तेव्हा तिला काट्यावर ठेवलं. काटा मागच्या वेळी होता तिथेच. आत्याबाईंनी तिला उचलून पदरात गुंडाळलं. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि पोर रडत असताना तिला उचलून घेता येत नाही म्हणून आणखी रडले.

मुलांच्या डॉक्टरांनी मला तिथल्याच डाएटिशियनकडे पाठवलं. डाएटिशियन म्हणजे आजाऱ्याने काय आणि किती खावं हे सांगणारी. तेलुगू बाई, गजरा माळलेली, आवाज पोलीस ठाण्यात शोभेल असा. माझं कोबीचं सूप ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"अय्यो! दूध काय से बनेगा अम्मा, कोबी से?"

तिने जे सांगितलं ते मी तुम्हालाही सांगते. पाजणाऱ्या बाईला जास्त खाणं लागतंच. भूक लागते ती हावरटपणा नव्हे, शरीराची मागणी असते. ती मागणी एकदम तोडली की पोरीच्याही पोटावर येतं. वजन उतरवायचं ते सावकाश, आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त नाही. भूक खवळेपर्यंत थांबायचं नाही, दर दोन-तीन तासांनी थोडं खायचं. आधी पप्पू, म्हणजे वरण, चांगलं घट्ट, वाटीभर, भात त्यानंतर. पाजायला बसण्याआधी पेलाभर ताक, कारण निम्म्या वेळा भूक वाटते ती तहान असते. उशाशी भाजलेले चणे. तूप चमच्याने, पळीने नाही.

"अंडा खाते?"

"घर में नै चलता."

"तो बाहर खाओ," ती म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

बाहेर कुठे खाणार? मला चार पावलं चालायची मारामार. तेवढ्यात रमजान लागला. रेहानाला रोजे माफ होते, पाजणाऱ्या बाईला असतातच, पण घरातली सगळी उपाशी असताना त्यांच्यासमोर खायचं कसं? म्हणून ती दुपारी स्वयंपाकघरामागच्या सामानाच्या खोलीत बसून, दार ओढून जेवायची. मी तिला डाएटिशियनबाईचं सांगितलं तर ती हसत सुटली.

"आ जाओ भाभी. मैं बी छुपके खारी, आप बी छुपके खाओ. दोनों के दोनों चोरां!"

आत्याबाई दुपारी मनूला कुशीत घेऊन झोपत. तेवढ्या वेळात मी भिंतीला धरून मागे जायची. तांदळाच्या पोत्याला पाठ टेकून आम्ही दोघी बसायचो. ती माझा लाडू खायची आणि मी तिची उकडलेली अंडी. पहिलं अंडं गिळताना मला मळमळलं. मग मीठ-मिरी लावून खाल्लं. आठवड्याने मी मिरीसुद्धा विसरले. त्या दोन अंड्यांनंतर संध्याकाळपर्यंत पोट शांत असायचं. दूध परत आलं. मनू पिऊन झोपायला लागली. वजन उतरत होतं, पण आता गोगलगायीच्या चालीने.

मधल्या काळात मनूला माझ्याकडे आणून देण्याचं काम आत्याबाईंचं. दिवसा, रात्री, दर वेळी त्याच उठायच्या. त्यांचे गुडघे वाजायचे, ते मला अंधारात ऐकू यायचं. मनूला माझ्या कुशीत निजवायच्या, पिऊन झालं की उचलून खांद्यावर थोपटायच्या. ढेकर त्यांच्या खांद्यावर, हसणं त्यांच्याकडे बघून. मला हेवा वाटायचा. वाटायचा, यात लपवण्यासारखं काही नाही.

ईदच्या दिवशी रेहाना शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन पुढच्या दाराने आली आणि आत्याबाईंचे हात धरून म्हणाली, "अम्मा, आप के लड्डुआं क्या मजे के थे! मेरी तो कमर का दर्द बी चले गया!"

मी तिला डोळ्यांनी खुणावत होते. ती आत्याबाईंकडे बघत होती.

ती गेल्यावर आत्याबाईंनी वाडगा झाकून ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे लाडू खाऊन ती धडधाकट, आन माझी सून उपाशी."

"उपाशी नव्हते आत्याबाई. रोज दोन अंडी खात होते."

हे बोलले आणि वाटलं, गप्प बसले असते तर बरं. पण अंड्यांचं त्यांनी मनावरच घेतलं नाही. त्या खाली बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. "तुला आई नाही. उद्या काही झालं तर सगळं गाव म्हणेल, आई नसलेल्या पोरीला सासूनं बाळंतपणात खायला घातलं नाही. म्हणून मी मरमर मरते. आन तू ते दुसऱ्याच्या दारात नेऊन वाटतीस."

इतके दिवस मला वाटत होतं की त्यांचा लाडू हा हट्ट आहे. त्या लाडवात माझी आईसुद्धा भरलेली होती, हे मला कळलं नव्हतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण वाकायला बंदी होती. मी नुसता त्यांचा हात धरला आणि डाएटिशियनबाईचं सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "त्या बाईकडं मला ने. मी माझ्या कानानं ऐकते."

डाएटिशियनबाई आणि आत्याबाई यांची जुंपली ती सगळ्या रांगेने ऐकली. एक तेलुगूमिश्रित हिंदीत, दुसरी मराठीमिश्रित हिंदीत. शेवटी बाईने मनूला काट्यावर ठेवलं. काटा चांगला पुढे सरकला होता. आत्याबाईंनी वाकून दोनदा पाहिला.

"लेकराचं वाढलंय ना? मग मी गप बसते."

गप्प त्या कधीच बसल्या नाहीत, पण घरात वरण घट्ट झालं, ताकाचा तांब्या माझ्या उशाशी आला आणि तुपाचा चमचा लहान झाला. अंड्यांसाठी एक जुनी वाटी मागच्या पायरीवर ठेवली गेली. वाटी वेगळी, धुवायची अंगणातल्या नळावर, आणि खाऊन झाल्यावर चूळ भरल्याशिवाय आत यायचं नाही. रेहाना अंडी उकडून त्या वाटीत ठेवायची आणि भिंतीवरून ओरडायची, "अम्मा, आप की बहू का परसाद!" आत्याबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

आंब्याचे दिवस मात्र कठीण गेले. सगळं घर रस ओरपत होतं आणि मी चार फोडी मोजून खात होते. त्या दिवसांत मी सगळ्यांशी भांडले.

जूनमध्ये डॉक्टरांनी मला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. आधी हा पाय थोडा वर गेला की मी ओरडायची. या वेळी तो वर गेला आणि मी पंख्याकडे बघत राहिले.

"चलो, टेबल कैन्सल," ते म्हणाले. "बच्ची को उठाओ. बैठ के लेना, छाती से लगाना, फिर उठना."

वजन माझ्या मनासारखं सगळं उतरलं नव्हतं. आजही उतरलेलं नाही, आणि कंबर थंडीत आठवण करून देतेच. पण पायाची कळ गेली होती.

घरी आले तेव्हा मनू आत्याबाईंच्या कडेवर होती. मी पाटावर बसले आणि हात पुढे केले. त्यांनी लगेच दिली नाही. "डॉक्टर हो म्हणला ना? नक्की?" असं दोनदा विचारलं. मग दिली. मी तिला छातीशी धरलं, पाय रोवले आणि उठले. काहीही झालं नाही. मी उभी होते आणि माझी लेक माझ्या कडेवर होती.

मनूने माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि हात पसरून आजीकडे जायला भोकाड पसरलं. मला बोचलं. आत्याबाईंनी मात्र हात मागे बांधले. "रडू दे जरा. सवय होईल."

थोड्या वेळाने ती माझ्या खांद्यावर तोंड घासायला लागली. भूक लागली होती. आणि ती चळवळायला लागली तसा माझ्याही पोटात तो ओळखीचा खड्डा पडला.

"आत्याबाई," मी म्हणाले, "लाडू आहे का हो?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आत गेल्या. डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात अर्धाच लाडू होता.

"अर्धा उद्या," त्या म्हणाल्या. "बाईनं सांगितलंय."

माझे दोन्ही हात मनूला धरायला गुंतले होते. तो अर्धा लाडू त्यांनी मला भरवला.