हिरव्या ठिपक्याचं मडकं

माझे सासरे सलग सहा वर्षं आमच्या घरी येऊन फक्त पाणी पिऊन गेले, आणि तेही त्यांनी पेणहून स्वतःच्या बाटलीत भरून आणलेलं.

यात भांडण वगैरे काही नव्हतं. मामा (आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात) एकेकाळी असे खाणारे होते, की त्यांना अंगणात पाहिलं की शेजारच्या कोंबड्या आपणहून खुराड्यात जात. मग एका वर्षी गावच्या सप्ताहात त्यांनी तुळशीची माळ घातली आणि एका दिवसात सगळं सोडलं. पण सोडावं म्हणजे किती! आमच्या घरात पाऊल टाकलं की त्यांना भांड्यांना सुकटीचा वास येऊ लागला. कपाला वास, चहाला वास. एकदा तर त्यांनी आमची साखरसुद्धा हुंगून परत दिली. आता आमचं गाव निडीजवळ, रोह्याचा बाजार हाकेवर आणि माझ्या बायकोच्या, मंदाच्या, हाताला चव. सुकट, बोंबील, कोंबडी हे आमच्याकडे चालायचंच. ते आले की मंदा राखेने घासघासून भांडी पातळ करायची, पण वास काही जायचा नाही.

मंदाला हे फार लागायचं. बाप ओटीवर बसायचा, नातवंडांच्या हातावर खाऊ ठेवायचा, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीला निघायचा. एकदा त्यांना स्टेशनवर सोडून आलो, तर ही चुलीपाशी तशीच बसलेली. म्हणाली, "माजा बाप माज्या दारातनं उपाशी जातो. बाया इचारतात मला, काय सांगू?" वाईट मलाही वाटलं होतं, पण मी नेहमीप्रमाणे "बघू काहीतरी" असं म्हणालो आणि जेवायला बसलो. (बोंबील होते.)

आणि चार वर्षांपूर्वी, माघ सरता सरता, मंदालाच युक्ती सुचली. शेतात वालाच्या शेंगा तोडता तोडता ती एकदम उभी राहिली आणि म्हणाली, "पोपटी!"

आमच्या रायगडात पोपटी कोणाला समजावून सांगावी लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मातीच्या मडक्यात भांबुर्डी नावाच्या रानझुडपाचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, आणि ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे बटाटे, वांगी किंवा कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-पातेरा रचून जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही, आणि मुख्य म्हणजे घरातलं एकही भांडं नाही! मडकं कोरं, जागा उघड्यावरची, वाढायला केळीचं पान. वास येऊन येऊन येणार कुठून?

मी त्याच दिवशी मामांना फोन लावला. त्यांनी कंपनीत ऑडिटवाले विचारतात तसं एकेक विचारलं. मडकं नवंच ना, पाला कोण काढणार, मीठ कोणत्या डब्यातलं. मीठ नवीन पिशवी फोडून घेऊ म्हटलं. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. तेवढ्यात हळूच आवाज आला, "शेंगा भरल्यात काय वो चांगल्या?" मासा गळाला लागला हे मी ओळखलं. (माळकऱ्याबद्दल असं म्हणू नये, पण लागला.)

इथपर्यंत सगळं मंदाचं होतं, म्हणून सुरळीत होतं. इथून पुढे मी लक्ष घातलं.

आमच्या शेताला लागून माझ्या चुलतभावाचं, हरीचं शेत. दर वर्षी पोपटी आम्ही एकत्र लावतो. या वर्षी कोंबडी नाही म्हटल्यावर हरी म्हणाला, "नुसत्या शेंगा खायला आमी काय शेळ्या हाव?" मंदाचं म्हणणं, एक दिवस कोंबडी नाही खाल्ली तर कोणाची जीभ झडत नाही. मी दोघांचंही मन राखायचं ठरवलं. मडकी तीन. एक मामांचं शुद्ध, ते आमच्या शेतात. दोन कोंबडीची, बांधापलीकडे हरीच्या शेतात. मामांना पत्ताही लागणार नाही.

आता माझं काम धाटावला, एका कंपनीत, दर आठवड्याला बदलत्या शिफ्टचं. बावीस वर्षं मी पिंपांवर लेबलं लावतोय. आमच्याकडे लेबल नसलेल्या पिंपाला कोणी बोट लावत नाही. त्यामुळे कुंभाराकडून तिन्ही मडकी आणल्याबरोबर मी खिशातला परमनंट मार्कर काढला. मामांच्या मडक्यावर चौकोनात हिरवा ठिपका, बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा, आणि खाली सुवाच्य अक्षरात 'मामा'. बाकीच्या दोहोंवर लाल ठिपके. मंदा म्हणाली, "अवो, जागा येगळी हाय ना? मंग ही रांगोळी कशाला?" मी तिला सेफ्टी म्हणजे काय ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. ती ऐकत नव्हती, हे मला नंतर कळलं.

भांबुर्डीने मात्र घाम काढला. थंडीत हा पाला बांधाबांधावर असतो, पण ऊन तापू लागलं की वाळतो. मी ओढ्याच्या कडेने अर्धा दिवस हिंडलो आणि भाराभर घेऊन आलो, तेव्हा माझ्या अंगाला असा उग्र वास येत होता की आमचा कुत्रा माझ्यावरच भुंकला.

मामा दुपारच्या गाडीने आले. पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत बाटली. त्यांनी मडकं बोटाने वाजवून पाहिलं, हिरवा ठिपका पाहून "ह्ये काय?" म्हणून विचारलं आणि माझ्या उत्तरावर मान डोलावली. ती मान पाहून माझी छाती दोन इंच फुगली. मडकं त्यांच्यासमोर भरलं, मीठ त्यांनी स्वतः टाकलं. बटाटे आणि रताळी मी इतकी ठासून भरली की मडकं दोघांनी उचलावं लागलं.

मग हरीला मडकी लावायला मोकळीक म्हणून मी मामांना फिरवायला नेलं. काय दिवस होता! काटेसावर लाल फुलांनी नुसती पेटलेली, आंब्यांवर मोहर, मोहरावर मधमाश्यांचा गलका, आणि कुठूनतरी कोकीळ न थांबता ओरडत होता. मामा खुशीत होते. वाकून वाकून वाल बघत होते, माती चुरगाळत होते. मला म्हणाले, "मंदी सुखात हाय तुमच्याकडं." लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर मिळालेलं हे पहिलं सर्टिफिकेट. मी हवेतच परत आलो.

आलो तर आमच्या शेतात भलामोठा जाळ, आणि हरीच्या शेतात काही नाही.

मी हरीला बाजूला घेऊन बाकीच्या दोन मडक्यांचं विचारलं. तो म्हणाला, "हायत की, ह्यातच हायत." वारा सुटला होता, त्याच्या शेतातली पेंढ्याची उडवी जवळ होती, ठिणगी उडाली तर काय घ्या, म्हणून त्याने दोन्ही मडकी उचलून आमच्याच जाळात लावली होती. वर मलाच धीर देत म्हणाला, "भितोस कशाला? तुजी लेबलं हायत ना!"

खरं सांगतो, माझाही जीव भांड्यात पडला. लेबलं होतीच!

अर्ध्या तासाने मडक्यांवर पाणी शिंपडलं. चर्र झालं, म्हणजे पोपटी शिजली. हरीने काठीने राख सारून एकेक मडकं बाहेर घेतलं, आडवं केलं आणि ओळीने मांडलं. तीन मडकी. तिन्ही काळीकुट्ट. मी फडक्याने एक पुसलं, फडकं काळं झालं. दुसरं पुसलं, बोट भाजलं. हिरवा नाही, लाल नाही, 'मामा' नाही. कंपनीत पिंपं जाळत नाहीत, हा मुद्दा तोवर माझ्या लक्षात आला नव्हता.

हरीला विचारलं, मामांचं कुठलं? "मधलं," तो ठामपणे म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "नायतर कडेचं." मी फडक्याने धरून मडकी हलवून पाहिली, तर रताळ्यांच्या कृपेने तिन्हींचं वजन सारखं. नाक लावलं, तर दुपारपासून माझ्या नाकात भांबुर्डीशिवाय दुसरा वासच शिरत नव्हता. एखादं फोडून बघावं, तर मामा दहा हातांवर गोणपाटावर बसलेले, पुढ्यात केळीचं पान, आणि कोंबडीची तंगडी नेमकी त्यांच्या पुढ्यात यायची! मग सहा वर्षं काय, सात जन्म ते आमच्याकडे पाणीसुद्धा पिणार नाहीत. मी हरीला कुजबुजलो, की सगळी मडकी गवतामागे नेऊ. तो म्हणाला, "आन काय सांगू त्यांना, मडक्यांना परसाकडंला नेलंय?"

मंदा माझ्याकडे पाहत होती. काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं होतं, पण ओरडली नाही. नुसती पाहत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काय झालंय, जावईबापू?" मामांनी विचारलं.

मी सांगून टाकलं. सगळं. हरीची मडकी, कोंबडी, वारा, उडवी, मार्कर. सांगताना माझी मान इतकी खाली गेली होती की शेवटची दोन वाक्यं मी माझ्या बनियनलाच सांगितली. मामांनी टोपी सारखी केली, उठले, पिशवी उचलली. संपलं, असं वाटलं. मंदाने पदर तोंडाला लावला.

पण मामांनी पिशवी बांधावर टेकवली आणि मडक्यांपाशी येऊन बसले. पहिल्या मडक्याच्या तोंडाशी वाकले. डोळे मिटले. श्वास घेतला, असा लांब, की पाला आत ओढला जातो की काय असं वाटलं.

"ही कोंबडी," ते म्हणाले. "गावठी हाय. ओवा कमी पडलाय."

हरीने आ वासला, कारण ओवा त्यानेच घातला होता. मामा दुसऱ्या मडक्याकडे सरकले. या वेळी जरा जास्तच वेळ घेतला. "ही बी कोंबडी. हिच्यात अंडी हायत. चार." तिसऱ्यावर त्यांनी फार वेळ घालवला नाही. "ही माजी. बटाटा लागलाय तळाला."

हरीने दुसरं मडकं लांब नेऊन केळीच्या पानावर पालथं केलं. अंडी मोजली. चार! तो तिथूनच ओरडला, "मामा, सहा वर्सं झाली माळ घालून, आन नाक अजून..."

"माळ गळ्यात हाय रे," मामा शांतपणे म्हणाले, "नाकात नाय."

मी भीत भीत विचारलं, जाळ एकच होता, तो चालेल का? मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "जाळात सगळं शुद्ध व्हतं, जावईबापू. तुमची अक्कल तेवढी बाहेर राह्यली व्हती." आणि गोणपाटावर जाऊन बसले, पान पुढे ओढलं आणि लेकीला म्हणाले, "वाढ गो."

मंदाने वाढलं. गरम शेंग दोन बोटांत दाबून मामा दाणे तोंडात टाकत होते, आणि प्रत्येक शेंगेला नुसतं "हां" म्हणत होते. मंदा रडत होती आणि हसत होती, आणि मध्येच त्यांना फुंकर मारून रताळं सोलून देत होती. निडीच्या स्टेशनातून संध्याकाळची गाडी निघून गेली, तिची शिट्टी सगळ्यांनी ऐकली, पण मामांनी मान वर केली नाही. पलीकडे आम्ही कोंबडी खात होतो. ओवा खरोखरच कमी पडला होता.

तेव्हापासून मामा दर वर्षी येतात आणि लेकीच्या हातची पोपटी पोटभर खातात. आता मला फोन करावा लागत नाही, मोहर आला की त्यांचाच मंदाला येतो. आधी विचारतात, शेंगा भरल्या काय गो? मग विचारतात, जावईबापूंची दुपारची शिफ्ट कोणत्या आठवड्यात हाय? मंदा सांगते, आणि ते नेमके त्याच आठवड्यात येतात.