चिक्कीचा पाक आणि आमच्या डॉक्टरबाई

डॉक्टर मालतीबाईंच्या लोणावळ्यातल्या दवाखान्याची पायरी मी पहिल्यांदा चढलो, तो पुण्याहून परत धाडलेला पेशंट म्हणून. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या, बायपास ठरलेली. पण तिथल्या सर्जनसाहेबांनी ती थांबवली. "साखर इतकी चढलेली असताना छाती उघडली, तर जखम भरायची नाही. आधी ती खाली आणा," म्हणाले.

बाईंनी इन्सुलिन सुरू केलं, पथ्य लिहून दिलं. मी भात सोडला, चहा बिनसाखरेचा केला. तरी साखर हटेना. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. दुसऱ्या कुणी 'चोरून खाता' म्हणून झापलं असतं. बाईंनी एवढंच विचारलं, "आबा, दिवसभर असता कुठे?"

"चिक्कीच्या भट्टीवर. चाळीस वर्षं पाक बघतोय."

दुसऱ्या दिवशी बाई थेट भट्टीवर हजर! स्टुलावर बसून राहिल्या. मी गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकला, थिजून झालेली गोळी दाताखाली कडकन मोडली, कढई उतरवली.

"आबा, हे काय खाल्लंत?"

"खाल्लं कुटं, बाई? पाक झाला का बघितलं."

"आणि गिळलंत?"

"मग थुकू व्हय? लक्ष्मी हाय ती!"

शेंगदाणे पाखडणारी माझी बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बया! दिसाला पंचवीस कढया उतरवत्यात हे!"

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग म्हणाल्या, "काम सोडू नका. दाताचं काम बोटांना द्या."

मी गोळी बोटांनी मोडून पाक जोखायला लागलो. अंदाज येईपर्यंत पहिल्या चार-पाच कढया मऊ पडल्या. मालक कुरकुरले, त्यांनाही बाईंनीच समजावलं. चाखणं थांबलं तशी साखर एकदम घसरू नये, म्हणून रोज फोन करून इन्सुलिनचं माप त्या बदलत राहिल्या. काही आठवड्यांनी सर्जनसाहेबांनी होकार दिला. ऑपरेशनच्या दिवशी बाई दवाखाना बंद ठेवून पुण्यात माझ्या बायकोशेजारी बाकावर बसून होत्या. नात्यातलं तरी कोण इतकं बसतं?

खंडाळ्याच्या बंगल्यातले साहेब असोत की डोंगरातल्या वाडीवरून चालत आलेली मावशी, बाई आधी त्यांचा दिवस कसा जातो ते विचारतात. गोळीचं नाव मागाहून.

माझी जखम छान भरली. आंघोळ करताना छातीवर हात फिरला की नुसती एक रेघ लागते आणि बाईंची आठवण येते. आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आम्हाला जेवणाच्या वेळा शिकवणाऱ्या या बाई स्वतःचा डबा मात्र चार वाजता उघडतात. मी वयाने त्यांच्याहून दोन वर्षं मोठा आहे, म्हणून आज हक्काने दटावतो: बाई, पेशंट थांबतील, आधी जेवून घ्या.