कुंकवाची फ्लॉपी आणि अक्कांचा आवाज

नातीचं बोट माउसवर होतं आणि स्क्रीनवरची चौकट विचारत होती, या ड्राइव्हमधलं सगळं पुसून टाकू का? मी जेवणाच्या टेबलाशी भेंडी चिरत बसले होते. चष्म्याच्या वरून ती चौकट दिसली आणि पस्तीस वर्षांपूर्वीचा असाच एक प्रश्न आठवून मी सुरीसकट उठले.

"बोट उचल," मी म्हणाले.

"आजी, एक मिनिट. व्हायरस आलाय. माझा ऑफिसमधला फ्रेंड म्हणतो, आधी फॉर्मॅट कर, मग रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवू."

"बोट उचल म्हणते ना!"

तिनं उचललं. माझ्या हातात सुरी होती, हेही एक कारण असेल.

प्रकरण असं होतं. त्या पेनड्राइव्हमध्ये अक्का होत्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही विद्यानगरच्या एकाच घरात राहतो, त्या खाली, आम्ही वर. एक्क्याऐंशी वर्षांच्या झाल्या, म्हणून सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला होता, आणि त्या दिवशी त्यांच्या ओव्यांची आणि आठवणींची एक पुस्तिका सगळ्यांना द्यायची, अशी नातीची कल्पना. अक्का नांदेडकडच्या खेड्यातल्या. जात्यावर बसून शिकलेल्या ओव्या त्यांना इतक्या पाठ, की कुठली कुणाची हेही त्या सांगत नाहीत. वर्षभर दर रविवारी नात मोबाइल घेऊन त्यांच्या पलंगाशी बसली. अडतीस रेकॉर्डिंगं झाली. शेवटच्या दिवशी अक्कांनी बजावलं, "एकदा सांगितलं. पुन्हा विचारायला यायचं नाही." तेव्हा आम्ही हसलो होतो. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत त्या ओवीची पहिली ओळ म्हणतात आणि दुसरीला थांबतात. छताकडे बघतात. मग म्हणतात, "जाऊ दे, चहा टाक." म्हणजे पुन्हा विचारायला जाऊनही उपयोग नव्हता.

फोन भरला म्हणून नातीनं ती रेकॉर्डिंगं पेनड्राइव्हवर टाकली. कॉपी नव्हे, मूव्ह. मग फोन एक्स्चेंजमध्ये देऊन नवीन घेतला. मराठी मजकूर नीट लावून देणारा एक माणूस अफझलगंजला आहे. पुस्तिकेचे फोटो आणि टाइप केलेल्या ओव्या त्याच पेनड्राइव्हवर, म्हणून पेनड्राइव्हच त्याच्या दुकानात जाऊन आला. त्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये रोज गावभरातले पेनड्राइव्ह खुपसले जातात. आमचा परत आला तेव्हा आत फक्त एक चित्र होतं, पेनड्राइव्हचंच, कोपऱ्यात वाकडा बाण असलेलं. बाकी काही नाही.

"त्या बाणावर क्लिक केलंस?"

"नाही अजून."

"करू नकोस. आणि तुझ्या लॅपटॉपवर का नाही बघितलंस?"

"ऑफिसचा आहे गं. त्यात पेनड्राइव्ह चालतच नाही, ब्लॉक केलाय."

म्हणून ती माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर आली होती, ज्याला सगळे घरातली अडगळ म्हणतात. मी हात धुतले. आता हात धुण्याचं कारण सांगायचं, तर मला माझ्याच एका मूर्खपणाकडे जावं लागेल. जाऊ या. तेव्हा मी जी बाई होते, तिची फजिती सांगायला मला नेहमीच आवडतं.

ती बाई तिशीतली, पुण्याहून लग्न होऊन आलेली, आणि सिकंदराबादच्या एका मोठ्या बियाण्यांच्या पेढीत नोकरीला. पेढीनं पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा आठ जणांतून हिला निवडलं, आणि तिथून हिचं डोकं फिरलं. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी, बाहेर चपला काढायच्या. देवळातसुद्धा बाई इतक्या भक्तीनं चप्पल काढत नसे. तेव्हा माउस नव्हता, चित्रं नव्हती. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि आपण टाइप करू तेवढंच तो ऐकणार. dir म्हटलं की आत काय काय आहे ते दाखवायचा, cd म्हटलं की एका कप्प्यातून दुसऱ्यात न्यायचा, md म्हटलं की नवा कप्पा करून द्यायचा. सांगेल ते मुकाट्यानं ऐकणारं घरीदारी कुणीच नव्हतं हिचं. त्यामुळे प्रेमच बसलं.

घरी येऊन ही बाई जेवताना सांगायची, "आज मी सी ड्राइव्हमधून ए ड्राइव्हमध्ये दोनशे पत्ते नेले." सासरे विचारायचे, "रिक्षानं?"

आणि हिचं एक गुपित होतं. ऑल्ट दाबून धरून २५५ टाइप केलं, की एक न दिसणारं अक्षर उमटतं. त्या अक्षराचं नाव देऊन हिनं एक कप्पा केला, बिननावाचा. वर attrib लावून तो लपवलाही. आत एकच फाइल: अक्का. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून बाई रोज दुपारी तीत जावेच्या तक्रारी लिहायची. आमटीत गूळ घातला तर म्हणाल्या, "पुण्याबाई, हे वरण आहे की खीर?" आज दिवसात अकरा वेळा 'हो'च्या जागी 'हौ' म्हणाल्या. माझ्या माहेरच्या माणसांसमोर 'का'च्या जागी 'कामून' म्हणाल्या. शुद्ध मराठीची रखवाली जणू हिच्याकडे सोपवली होती! स्वतः मात्र रिक्षावाल्याशी "नक्को भैया, पचास जास्ती हुआ" करत होती, त्याची नोंद त्या फाइलीत नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. पेढीत तराजूंना, टायपरायटरला, मालाच्या गाडीला झेंडूची माळ. कॉम्प्युटरची पूजा अर्थात हिच्याकडे. पडद्याला गंध लावलं, कळफलकाला फूल वाहिलं, आणि मग आली फ्लॉप्यांची पाळी. तेव्हाच्या फ्लॉप्या मोठ्या, पातळ, चौकोनी. मधोमध लांबट खिडकी, तिच्यातून आतली तकतकीत तबकडी दिसायची. बाईला ते कपाळ वाटलं. तिन्ही फ्लॉप्यांच्या त्या उघड्या कपाळावर हिनं अंगठ्यानं ठसठशीत हळदकुंकू लावलं. वर अक्षताही टाकल्या. दोन तांदूळ आत गेले.

त्या फ्लॉप्यांवर आठ महिने टाइप केलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची दुसरी प्रत होती. जिल्ह्याजिल्ह्यातली हजारो गावं आणि माणसं.

दसऱ्यानंतर फ्लॉपी घातली, तर यंत्रातून जात्यात खडा आल्यासारखा आवाज. पडद्यावर प्रश्न: सोडून देऊ, पुन्हा प्रयत्न करू, की हरलो म्हणू? बाईनं तासभर 'पुन्हा प्रयत्न'. मग घाम. साहेबांना सांगायचं? छे! जिला सगळी पेढी 'कॉम्प्युटर मॅडम' म्हणते, तिनं जाऊन सांगायचं, की मी फ्लॉपीला कुंकू लावलं? त्यापेक्षा गुपचूप नव्या फ्लॉप्या आणाव्यात, फॉर्मॅट कराव्यात, मूळ पत्ते पुन्हा त्यांच्यावर उतरवावेत, कुणाला कळणारही नाही.

बेत चांगला होता. फक्त बोटांना सकाळपासून सी, सी, सी टाइप करायची सवय लागली होती. format a:, म्हणजे फ्लॉपी पूस, याऐवजी format c:, म्हणजे यंत्राचंच पोट पूस, असं गेलं. यंत्रानं विचारलं, भल्या माणसासारखं विचारलं, की बाई, आतलं सगळं जाईल, करू का? हो की नाही? पण जे लिहिलंय ते वाचणं हे नवशिक्यांचं काम, असं हिचं मत. हिनं Y दाबलं आणि चहा प्यायला गेली.

एका फ्लॉपीला एवढा वेळ लागत नाही, हे लक्षात यायला एक अख्खा चहा आणि दोन बिस्किटं लागली.

साहेब तेलुगू. ओरडले नाहीत. रिकामा पडदा बघितला, कुंकवाच्या फ्लॉप्या बघितल्या, आणि म्हणाले, "मॅडम, नेक्स्ट इयर नारळ पण फोडा." मग पत्त्यांची जुनी कार्डं गोदामातून काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

तीन महिने मी तीच कार्डं पुन्हा टाइप केली, रोज अंधार पडेपर्यंत. घरी येऊन रडले ते अक्कांसमोर, कारण दाराशी त्याच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं नाही काय झालं. म्हणाल्या, "पाय धू. पोरांना जेवू घातलंय." तीन महिने त्यांनीच घातलं. पत्ते सगळे परत आले. बिननावाच्या कप्प्यातली ती फाइल मात्र मी पुन्हा टाइप केली नाही. वेळ नव्हता म्हणून. दुसरं कारण शोधू नका.

तर, हात धुऊन मी खुर्चीत बसले आणि कमांडची काळी खिडकी उघडली. नात म्हणाली, "ओ माय गॉड, आजी, तू हॅकर आहेस?"

"गप. आधी मला सांग, ड्राइव्ह किती भरलेला दाखवतोय?"

तिनं बघितलं. "आजी... रिकामा नाहीये. अर्ध्याच्या वर भरलाय."

"मग अक्का आतच आहेत. दिसत नाहीत एवढंच."

g: टाइप केलं, म्हणजे त्या पेनड्राइव्हच्या दारात उभी राहिले. dir म्हटलं. तो बाण दिसला, बाकी शुकशुकाट. मग dir /a म्हटलं, म्हणजे लपलेलंही दाखव. आणि यादीत एक कप्पा आला. कप्पा असल्याची खूण होती, तारीख होती, फक्त नावाच्या जागी काही नव्हतं.

मी जोरात हसले. नात घाबरली.

"काय झालं?"

"अगं, ही माझी युक्ती आहे! कुणा मेल्यानं माझी युक्ती चोरून व्हायरस केलाय!"

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज. अक्का जिना चढत नाहीत सहसा. आज चढल्या, कारण माझं हसणं खालपर्यंत गेलं होतं.

"काय चाल्लंय गं? मला सोडून हसायलात कामून?"

"काही नाही, अक्का. बसा."

"काही नाही म्हनती म्हंजे कायतरी हरवलंय. हिचं तोंड बघ." ही म्हणजे नात. तिला खोटं बोलता येत नाही, हा तिच्या पिढीचा मोठाच दोष. तिनं सगळं सांगून टाकलं.

अक्का ऐकून घेऊन म्हणाल्या, "मंग गेलं का माझं समदं?"

त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मला ते ऐकू आलं. त्यांनाही माहीत होतं, की दुसरी ओळ आता त्यांच्यापाशी नाही. ती फक्त या बोटभर डबीत आहे.

"थांबा," मी म्हणाले, आणि लपवलेलं सगळं उघडं करायची आज्ञा हळूहळू, एकेक अक्षर वाचत टाइप केली: attrib -h -r -s /s /d *.* टाइप करून पुन्हा एकदा वाचलं. जी: आहे ना? जी:च आहे. नात म्हणाली, "आजी, मार ना एंटर!" मी म्हटलं, "तू चहा पिऊन ये." मग तिसऱ्यांदा वाचलं आणि मारलं.

काळ्या खिडकीत काही घडलं नाही. काही न बोलता पुढची ओळ आली. ती खिडकी अशीच आहे, काम झालं की बोलत नाही, बिघडलं की बोलते. मी म्हटलं, "बघ आता."

बिननावाचा कप्पा दिसायला लागला होता. आत एक ते अडतीस फाइली. सगळ्या.

"आधी कॉपी," मी म्हणाले. "मूव्ह नाही. कॉपी. माझ्या डी ड्राइव्हवर, आणि आणखी एका जागी, आणि मग ऐकायचं." तो बाण मी del म्हणून उडवला. फार बरं वाटलं. अडतीसच्या अडतीस उतरल्यावर नातीनं मधलीच एक लावली.

*शहराच्या वाटंवर माहेराची बैलगाडी...*

अक्कांनी मान वर केली. "कोन गाती ही?"

"तुम्हीच, अक्का."

"हट्! येवढी म्हातारी हाय का मी?" मग थोडं ऐकून, "पर गाती चांगली."

पहिली ओळ संपली. अक्का छताकडे बघायला लागल्या, सवयीनं. आणि डबीतल्या अक्का पुढे म्हणाल्या:

*भाऊ वळखंना मला, बैल आधी मान काढी.*

"हौ!" अक्कांनी मांडीवर थाप मारली. "बैल आधी मान काढी! हौ गं!" पुढच्या वेळी त्या डबीच्या बरोबरीनं म्हणाल्या, थोड्या मागे, पण न थांबता. नात खाली फरशीवर बसली होती, तिनं नाक ओढलं. मी भेंडीकडे वळले. भेंडीनं डोळे पुसता येत नाहीत, पण बघायला काहीतरी लागतं.

मग मी कबूल केलं. पस्तीस वर्षांनी. ती बिननावाची फाइल, आमटी, 'हौ', 'कामून', सगळं.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "आनि ते पुसलं गेलं?"

"मीच पुसलं. चुकून."

"बरं झालं. येकतर्फी होतं." मग नातीकडे वळून, "पोरी, ते तुझं मशीन चालू कर. हिच्या तक्रारी मला बी सांगायच्यात. आधी त्या आमटीचंच घे."

एकोणचाळिसावी फाइल सत्तावीस मिनिटांची आहे. ती पुस्तिकेत घातली नाही, पण लपवलेलीही नाही, attrib येत असूनही. कार्यक्रमाच्या दिवशी निम्म्या नातेवाइकांनी तीच मागितली.

पेनड्राइव्ह आता अक्कांच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत आहे. खंडेनवमीला त्यांनी तो बाहेर काढला आणि कुंकवाचा करंडा उघडला. मी धावत जाऊन हात धरला. बरीच वादावादी झाली. शेवटी टोपणावर लावू दिलं.